कंटेनर-सेवांचे स्थितिपरीक्षण

संगणकावर स्वतंत्र कप्प्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालविलेल्या सेवा हयात आहेत का आणि हयात असल्यास आलेली मागणी पुरी करण्यास समर्थ आहेत का, हे ठराविक कालांतराने तपासून निष्कर्ष नोंदविण्याच्या पद्धतीस स्थितिपरीक्षण म्हणतात. ही तपासणी माणूस स्वतः करीत नाही. त्याने नेमून दिलेली सॉफ्टवेअर साधने ती करतात. बहुतेक वेळा निष्कर्षावरची कृतीही तीच साधने करतात. नादुरुस्त ठरलेली सेवा बंद पाडून नवी सुरू करणे किंवा तिच्याकडे जाणारी मागणी दुसरीकडे वळविणे ही अशा कृतींची उदाहरणे होत. त्यामुळे साधनाने छापलेल्या ‘चालू’, ‘निरोगी’, ‘सज्ज’ या शब्दांचा नेमका अर्थ सांगणारा दस्तऐवज हा केवळ पुस्ती म्हणून जोडायचा मजकूर राहत नाही, तर साधनाचाच एक भाग ठरतो. तो अर्थ जेथे संदिग्ध राहिला तेथे धडधाकट सेवा मारल्या गेल्या आणि निकामी झालेल्या सेवा चालू म्हणून नोंदल्या गेल्या. या साधनांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या शब्दांच्या अर्थनिश्चितीचा इतिहास आहे.

कंटेनर हा स्वतंत्र संगणक नव्हे. चाळीत बिऱ्हाडे वेगळी असली, तरी पाया व छप्पर एकच असते. त्याप्रमाणे एकाच परिचालन प्रणालीच्या कर्नेलवर (गाभ्यावर) अनेक कंटेनर राहतात. प्रत्येकाला स्वतःची फाइलव्यवस्था, प्रक्रियांची स्वतःची यादी व स्वतःचे जालक दिसते, आणि स्मृती व प्रक्रियक किती वापरावा यावर बाहेरून मर्यादा घातलेली असते. कंटेनर सुरू होतो तो आतील एका मुख्य प्रक्रियेसह, आणि ती संपली की कंटेनरही संपतो. म्हणून बाहेरून सहज कळणारी गोष्ट एवढीच, की मुख्य प्रक्रिया अस्तित्वात आहे की नाही. ती आत अडकून पडली आहे, विदागाराशी तिचा संबंध तुटला आहे की ती अद्याप तयारीच करीत आहे, हे कर्नेलला कळण्याचे कारण नाही.

पूर्वपीठिका : ही अडचण कंटेनरांहून जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी तयार केलेल्या युनिक्स प्रणालीची पहिली हस्तपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ रोजीची आहे. तीत प्रत्येक आज्ञेला एक स्वतंत्र नोंद असून नाव, वापरण्याची रीत, वर्णन अशा ठरलेल्या शीर्षकांखाली मजकूर दिलेला आहे. या शीर्षकांपैकी एक ‘दोष’ हे होते. साधनाच्या कर्त्यानेच साधनाचे दोष त्याच पानावर लिहून ठेवावेत, अशी ही प्रथा होती. चालू प्रक्रियांची यादी देणारी ‘पीएस’ ही आज्ञा पुढील आवृत्त्यांत आली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील तिच्या ‘दोष’ या सदरात असा इशारा आहे, की यादी तयार होत असतानाच प्रक्रियांची स्थिती पालटू शकते आणि म्हणून दिसणारे चित्र वास्तवाच्या जवळपासचेच समजावे. स्थितिपरीक्षणाची मूलभूत मर्यादा इतक्या थोड्या शब्दांत पुढे क्वचितच कोणी सांगितली असेल. एखाद्या प्रक्रियेला फाइलव्यवस्थेचा एक भागच संपूर्ण जग म्हणून दाखविणारी ‘सीएचरूट’ ही सोयही याच सातव्या आवृत्तीच्या काळातील आहे. कंटेनरांची वंशावळ सामान्यतः तिच्यापासून सांगतात.

जालकावरील दूरच्या यंत्राची विचारपूस करण्यासाठी माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ ही छोटी आज्ञावली लिहिली. पाणबुडीतील सोनार यंत्राच्या ध्वनीवरून तिला हे नाव मिळाले. ती दूरच्या यंत्राकडे प्रतिध्वनीची विनंती पाठविते व उत्तर येण्यास लागलेला वेळ मोजते. तथापि हे उत्तर त्या यंत्राचा कर्नेल देतो, त्यावर चालणारी सेवा देत नाही. यंत्रावरील सर्व सेवा गारठल्या असल्या तरी पिंगला उत्तर येऊ शकते. उलट, सुरक्षिततेसाठी अशी उत्तरे देणे बंद केलेले यंत्र उत्तम काम करीत असूनही मृत भासते.

यापुढचा महत्त्वाचा टप्पा १९९९ मध्ये ईथन गॅल्स्टॅड यांनी ‘नेटसेंट’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या व २००२ पासून ‘नॅगिओस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साधनाचा. त्यातील तपासणीच्या लहान आज्ञावली काम संपताना एक अंक मागे ठेवतात : ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे अज्ञात. यांतील चौथा संकेतांक वरवर किरकोळ वाटतो. परंतु ‘सेवा बिघडली आहे’ आणि ‘सेवा बिघडली आहे की नाही हे मला तपासता आले नाही’ या दोन विधानांतील भेद त्याने राखला. हा भेद पुढे कंटेनरांच्या साधनांत काही ठिकाणी हरवला.

कंटेनरांचा उदय : २००० मध्ये फ्रीबीएसडी प्रणालीत ‘जेल’ व त्यानंतर काही वर्षांनी सोलॅरिस प्रणालीत ‘झोन’ या नावांनी कप्पे पाडण्याची सोय आली. लिनक्समध्ये गूगल कंपनीतील पॉल मेनेज व रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलेले काम ‘नियंत्रण-गट’ या नावाने जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत समाविष्ट झाले आणि प्रक्रियांच्या समूहाला साधनसामग्रीची मर्यादा घालणे शक्य झाले. तरीही कंटेनर हे तज्ञांच्याच हातातील साधन राहिले. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी सँता क्लारा येथील पायकॉन परिषदेत ‘डॉकर’ची ओळख करून दिली, तेव्हापासून ते सामान्य प्रोग्रामरच्या हाती आले. डॉकरने नवे काही शोधले नाही, असे काही जाणकार म्हणत. ते तांत्रिक दृष्ट्या खरे असले, तरी आज्ञावली व तिला लागणारे सर्व साहित्य एका साचेबंद प्रतिमेत भरून कोणत्याही यंत्रावर तसेच्या तसे उघडता येणे, ही सोयच निर्णायक ठरली.

या सोयीमुळे स्थितिपरीक्षणाचे स्वरूप पालटले. पूर्वी एका यंत्रावर दोन-चार सेवा असत, त्यांची नावे व स्वभाव व्यवस्थापकास ठाऊक असत. आता एका यंत्रावर दहापाच किंवा शंभर कंटेनर येऊ लागले. ते केव्हाही संपत व दुसऱ्या यंत्रावर नव्या पत्त्यासह उगवत. ‘डॉकर पीएस’ या आज्ञेने जुन्या पीएसचे नाव घेतले व कामही घेतले. तिच्या यादीत एखाद्या कंटेनरपुढे ‘दोन तासांपासून चालू’ असे छापून येई. मुख्य प्रक्रिया दोन तासांपासून अस्तित्वात आहे, एवढाच त्याचा अर्थ. वाचणारा मात्र स्वाभाविकपणे ‘सेवा दोन तास व्यवस्थित चालली आहे’ असा अर्थ घेई.

दोन प्रश्नांची फारकत : हजारो यंत्रांचा कारभार सांभाळणाऱ्या गूगलच्या ‘बोर्ग’ या अंतर्गत व्यवस्थेत हा प्रश्न आधीच सुटला होता. त्या व्यवस्थेविषयीचा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते, की तीत चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कामात एक छोटा वेब सर्व्हर अंतर्भूत असे व तो त्या कामाची प्रकृती प्रकट करी. बोर्ग ठराविक पत्त्यावर विचारणा करून, वेळेत उत्तर न देणारी किंवा चूक कळविणारी कामे पुन्हा सुरू करी. येथे कर्नेलऐवजी खुद्द सेवेलाच तिची प्रकृती विचारली जाते, हा दृष्टिकोनातील बदल लक्षणीय आहे. ‘हेल्थझेड’ हा शेवटी अनावश्यक ‘झेड’ असलेला पत्ता हीही गूगलमधील प्रथाच होय. सेवेच्या स्वतःच्या पत्त्यांशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून ते अक्षर जोडीत.

बोर्गच्या अनुभवातून निघालेली ‘कुबर्नेटीस’ ही मुक्त व्यवस्था जून २०१४ मध्ये जाहीर झाली व जुलै २०१५ मध्ये तिची १.० ही आवृत्ती आली. तीत एकाऐवजी दोन स्वतंत्र तपासण्या आहेत. पहिली हयातीची : ती ठराविक वेळा सलग नापास झाली, की कंटेनर मारून पुन्हा सुरू करतात. दुसरी सज्जतेची : ती नापास झाली, तर कंटेनरला हात न लावता फक्त त्याच्याकडे येणारी मागणी थांबवितात. दुकान जळाले आहे आणि दुकानदार जेवायला गेला आहे, या दोन्ही स्थितींत गिऱ्हाइकाला माल मिळत नाही. पण उपाय एक नाही. हे भान या फारकतीत आहे. तपासणीचा निष्कर्ष यश, अपयश किंवा अज्ञात असा तीन प्रकारचा असतो. अज्ञात असल्यास कोणतीही कृती न करता पुन्हा तपासतात.

डॉकरमध्ये प्रकृती-तपासणीची सूचना जुलै २०१६ मधील १.१२ या आवृत्तीत आली. प्रतिमा तयार करणाऱ्यानेच तपासणीची आज्ञा लिहून ठेवावयाची, ती कंटेनरच्या आतच चालते आणि तिच्या संकेतांकावरून ‘सुरू होत आहे’, ‘निरोगी’ व ‘अस्वस्थ’ यांपैकी एक शब्द यादीत उमटतो. ० म्हणजे निरोगी, १ म्हणजे अस्वस्थ; २ हा अंक राखीव असून तो वापरू नये, असे दस्तऐवजात बजावले आहे. या इशाऱ्याचा परिणाम एका छोट्या नमुन्यात दिसतो. दस्तऐवजातील उदाहरणात ‘कर्ल’ या आज्ञेने सेवेचे पान मागवितात. परंतु कर्ल अपयशी ठरल्यास २२ सारखे स्वतःचे अंक देते, म्हणून तिच्यापुढे ‘नाही तर १ देऊन बाहेर पड’ असे शेपूट जोडलेले असते. हा नमुना अगणित प्रकल्पांत जसाच्या तसा उतरवून घेतला गेला. आता, आकाराने लहान ठेवलेल्या अनेक प्रतिमांत कर्ल मुळी नसतेच. तेथे आज्ञा न सापडल्याने १२७ हा अंक येतो, शेपूट त्याचा १ करते आणि ठणठणीत सेवेपुढे ‘अस्वस्थ’ अशी नोंद होते. वैद्याजवळ नाडी पाहण्याचे साधन नाही, म्हणून रोगी आजारी ठरविण्यासारखे हे झाले. नॅगिओसचा चौथा संकेतांक असता, तर ही नोंद ‘अज्ञात’ झाली असती.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात उशिरा येते. एकट्या डॉकरमध्ये ‘अस्वस्थ’ ही केवळ नोंद आहे. त्यावरून कंटेनर आपोआप पुन्हा सुरू होत नाही. डॉकरच्याच ‘स्वार्म’ या समूहव्यवस्थेत मात्र असा कंटेनर बदलला जातो, तर कुबर्नेटीस प्रतिमेत लिहिलेली ही तपासणी विचारातच घेत नाही. एकच ओळ तीन ठिकाणी तीन परिणाम घडविते. डॉकरच्या अधिकृत प्रतिमांचा संग्रह सांभाळणाऱ्यांनी अशा तपासण्या प्रतिमांत न घालण्याचे धोरण ठेवले, याचे एक कारण ‘निरोगी’ म्हणजे काय याविषयी प्रत्येक वापरणाऱ्याची कल्पना वेगळी असते, हे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे धोरण योग्य आहे. विदागार जागे आहे याचा अर्थ कोणाला ‘जोडणी स्वीकारते’ एवढाच हवा असतो, तर कोणाला ‘लिहू देते’ असा हवा असतो.

काळाचे गणित : तपासणीत चार अंक महत्त्वाचे असतात, दोन तपासण्यांतील अंतर, उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, किती सलग अपयशांनंतर निर्णय घ्यावा ती संख्या आणि आरंभीची सवलत. डॉकरमध्ये काहीच न सांगितल्यास अंतर ३० सेकंद, मर्यादा ३० सेकंद, अपयशे ३ व सवलत शून्य धरतात. आधीची तपासणी संपल्यावर पुढचे अंतर मोजले जाते. यशस्वी तपासणीनंतर लगेच एखादी सेवा गोठली, तर ३० सेकंद प्रतीक्षा व ३० सेकंद निरुत्तर असे तीन फेरे होईपर्यंत, म्हणजे सुमारे १८० सेकंद, यादीत ती निरोगीच दिसते. कुबर्नेटीसमध्ये अंतर १० सेकंद, मर्यादा १ सेकंद व अपयशे ३ असल्याने हाच अवधी अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतो. पण या शीघ्रतेची किंमत आहे. गर्दीच्या वेळी सेवेला उत्तर देण्यास सव्वा सेकंद लागू लागला, तर हयातीची तपासणी तिला मृत समजते. ती मारली जाते, तिचा भार उरलेल्यांवर पडतो, तीही मंदावतात आणि एकामागून एक मारली जातात. अयोग्य रीतीने योजलेल्या हयाती-तपासणीने अशी कोसळण्याची साखळी निर्माण होते, असा इशारा कुबर्नेटीसच्या दस्तऐवजात दिलेला आहे. हयातीच्या तपासणीत विदागाराची चौकशी घालण्याची चूक याच जातीची. विदागार क्षणभर रुसले, की त्यावर अवलंबून असलेल्या सर्व सेवा एकाच वेळी मरतात व पुन्हा उठताना एकदम त्याच विदागाराच्या दारात गर्दी करतात.

परीक्षणाने केलेली कृतीच हानिकारक ठरल्याचे सर्वांत परिचित उदाहरण कंटेनरांपुरते मर्यादित नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप व इन्स्टाग्राम या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या. भारतातही त्या रात्री हा अनुभव आला. कंपनीने नंतर दिलेल्या खुलाशानुसार देखभालीच्या एका आज्ञेमुळे तिच्या विदा-केंद्रांना जोडणारे मुख्य जालक तुटले. नावांवरून पत्ते सांगणारे तिचे सर्व्हर सुस्थितीत होते. परंतु विदा-केंद्रांशी बोलता येत नसेल तर आपली जोडणी रोगट आहे असे समजून स्वतःचा मार्ग जाहीर करणे थांबवावे, अशी त्यांची रचना होती. एखाददुसऱ्या सर्व्हरबाबत हा नियम शहाणपणाचा होता. सर्वांनी एकदम तो पाळला, तेव्हा कंपनीचा पत्ताच आंतरजालावरून नाहीसा झाला.

दस्तऐवज आणि वर्तन : साधनाचे वर्तन व त्याचा दस्तऐवज यांत अंतर पडल्याचेही प्रसंग आहेत. कुबर्नेटीसमध्ये कंटेनरच्या आत आज्ञा चालवून करावयाच्या तपासणीस कालमर्यादा लावण्याची सोय आरंभापासून लिहिलेली होती. प्रत्यक्षात डिसेंबर २०२० मधील १.२० या आवृत्तीपूर्वी ती पाळलीच जात नसे व अशी तपासणी अमर्याद काळ चालू राहू शके. दोष दुरुस्त झाला, तेव्हा मर्यादा न लिहिणाऱ्यांना पूर्वनिर्धारित १ सेकंद लागू झाला आणि वर्षानुवर्षे सुरळीत चाललेल्या, पण दोन-तीन सेकंद घेणाऱ्या तपासण्या नापास होऊ लागल्या. जुने वर्तन काही काळ परत मिळविता यावे म्हणून एक कळ ठेवावी लागली. अनेकांनी दोषावरच घर बांधले होते. याच आवृत्तीत, २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आलेली तिसरी, ‘आरंभाची’ तपासणी स्थिर झाली. सुरू होण्यास फार वेळ घेणाऱ्या जुन्या धाटणीच्या आज्ञावलींना हयातीची तपासणी बाल्यावस्थेतच मारी, त्यावर हा उपाय होता.

अनेक कंटेनर एकत्र चालविणाऱ्या ‘कंपोज’ या साधनाची कथा उलट दिशेची आहे. एक सेवा दुसरी निरोगी झाल्यावरच सुरू करावी, अशी अट त्याच्या २.१ या आराखड्यात लिहिता येई. तिसऱ्या आराखड्यातून ती काढून टाकण्यात आली व पुढे दोन्ही शाखा एकत्र करणाऱ्या कंपोज विनिर्देशात पुन्हा आली. मधल्या काळात लोकांनी ‘विदागार उघडेपर्यंत थांब’ अशा अर्थाच्या छोट्या आज्ञावली स्वतः लिहून भागविले, आणि त्या लेखनाच्या तिन्ही पिढ्यांतील नमुने आजही शेजारी शेजारी आढळतात. कोणता कोणत्या आवृत्तीचा, हे वाचणाऱ्यासच ओळखावे लागते. दस्तऐवजावर आवृत्तीचा अंक ठळकपणे असावा हा आग्रह कंटाळवाणा वाटतो, पण येथे त्याचे मोल कळते.

शब्दांची फोड पुढेही चालू राहिली. कुबर्नेटीसच्या मध्यवर्ती सर्व्हरचा ‘हेल्थझेड’ हा पत्ता १.१६ या आवृत्तीपासून कालबाह्य ठरवून त्याजागी हयातीसाठी ‘लिव्हझेड’ व सज्जतेसाठी ‘रेडीझेड’ असे दोन पत्ते वापरावेत असे सांगण्यात आले. मे २०२२ मधील १.२४ या आवृत्तीतून डॉकरशी थेट जोडणारा दुवा काढून टाकल्यावर, यंत्रावर जाऊन डॉकर पीएस विचारण्याची व्यवस्थापकांची सवय निरुपयोगी झाली. डॉकर तेथे नसल्यास आज्ञाच सापडत नसे, आणि असल्यास कुबर्नेटीसचे कंटेनर तिच्या यादीत येत नसत. त्याजागी ‘क्रायसीटीएल’ हे साधन आले. त्यातही यादीच्या आज्ञेचे नाव पीएस असेच आहे. व्यवस्थापकाच्या पडद्यावर ‘स्थिती’ या स्तंभात जे शब्द उमटतात, उदा., वारंवार कोसळणाऱ्या कंटेनरपुढचा ‘क्रॅशलूपबॅकऑफ’, ते व्यवस्थेने मानलेल्या पाच अवस्थांपैकी नाहीत. हा शब्द दिसतो तेव्हा कंटेनर पुन्हा सुरू करण्यापूर्वी १०, २०, ४० सेकंद अशी दुप्पट होत जाणारी व सामान्यतः पाच मिनिटांवर थांबणारी प्रतीक्षा चालू असते, आणि त्याच वेळी व्यवस्थेच्या लेखी अवस्था ‘चालू’ अशीही असू शकते. हा स्तंभ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असून त्याची अवस्थेशी गल्लत करू नये, अशी टीप कुबर्नेटीसच्या दस्तऐवजात आहे.